फळीवरची वंदना आणि कॅरलमधले काळे पक्षी

लहानपणी आरतीत 'फळीवर वंदना' म्हटलं नाही असं मराठी घरातलं मूल विरळाच. मूळ शब्द 'फणिवरबंधना', म्हणजे कमरेला नाग बांधलेला. पण फणिवर कोण, हे पोराला कुठून कळावं? देवाची फळी तर रोज डोळ्यांसमोर असते. ही आरती समर्थ रामदासांची मानतात आणि त्यांनी तप केलं ते आमच्या नाशकातल्या टाकळीला. म्हणून ही चूक मला घरचीच वाटते.

तिची भावंडं भेटतात नाताळात, शरणपूर भागात. 1854 साली विल्यम प्राइस या मिशनऱ्याने ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलंही पुढे इथे शिकली. आज नाताळात इथे मराठी भजनं होतात, इंग्रजी कॅरल, म्हणजे नाताळची गाणीही होतात, आणि गोंधळ बहुतेक कॅरलमध्ये.

नाताळच्या बारा दिवसांत रोज एक नवी भेटवस्तू येते, ते 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' गाणं घ्या. चौथ्या दिवशी 'फोर कॉलिंग बर्ड्स' येतात, तेव्हा मुलं कानाला हात लावून फोनवर बोलणारे पक्षी करतात. 1780च्या छापील गाण्यात मात्र शब्द 'कॉली' होता. कॉली म्हणजे कोळशासारखे काळे. पुढे हा शब्द लोकांच्या बोलण्यातून गेला आणि 1909 साली फ्रेडरिक ऑस्टिन यांनी छापलेल्या चालीत 'कॉलिंग' आलं, तेच रुळलं. म्हणजे मुलांच्या आधी मोठेच चुकले होते, ही गोष्ट मला फार आवडते. ते बारा दिवसही नाताळच्या आधीचे नव्हेत. ते नाताळपासून सुरू होतात आणि 6 जानेवारीचा सण तोंडावर आला की संपतात.

त्या सणाचे, बाळ येशूला भेटायला आलेले 'तीन राजे' पुठ्ठ्याचे मुकुट घालून दरवर्षी नाटकात येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजेही नाहीत आणि तीनही नाहीत. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, एवढंच आहे. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन धरली गेली.

सगळ्यात अवघड प्रसंग गुड फ्रायडेचा. येशूच्या मृत्यूच्या दिवशी 'हॅपी गुड फ्रायडे' असे निरोप येतात, पाठवणाऱ्याच्या मनात निखळ प्रेम असतं. जुन्या इंग्रजीत 'गुड'ला पवित्र असाही अर्थ होता. मराठीत आपण 'उत्तम शुक्रवार' केलं, त्यामुळे तो अर्थ आणखीच झाकला गेला.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. त्या दिवशी आमच्या शेजारच्या काकू चर्चमधून थेट भाजीबाजारात गेल्या. कपाळावरची राख पाहून भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "त्र्यंबकला जाऊन आलात का?" काकूंनी सांगितलं, ही गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, त्याच झावळ्या जाळून केलेली राख. मावशींनी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि हात जोडले.