लोखंडाचा रोटर आणि मायक्रोसेकंदांचा हिशोब

स्विच्ड रिलक्टन्स मोटरचा रोटर बाहेर काढून पाहिला, तर त्यात बघण्यासारखं फारसं काही सापडत नाही. त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली नसते, चुंबक बसवलेले नसतात, इंडक्शन मोटरमध्ये असतो तसा ॲल्युमिनियमचा पिंजराही नसतो. सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांची एक चळत शाफ्टवर घट्ट बसवलेली असते आणि तिला बाहेरच्या बाजूने मोजके जाड दात असतात. हे पत्रे साधारण अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ असतात. जळायला, सुटून यायला किंवा चुंबकत्व गमवायला त्या रोटरमध्ये काहीच नाही. विजेवर चालणाऱ्या मोटरचा याहून साधा रोटर मिळणं अवघड आहे.

तरीही ही मोटर नीट चालवणं हे विद्युत अभियांत्रिकीतल्या कठीण कामांपैकी एक समजलं जातं. धातूतली गुंतागुंत जितकी कमी केली, तितकी ती नियंत्रणात वाढली. म्हणूनच या मोटरवर इतकी दशकं संशोधन चालू आहे.

तत्त्व अगदी सोपं आहे. चुंबकीय प्रवाहाला लोखंडातून जाणं सोपं आणि हवेतून जाणं जड जातं. या अडथळ्याला रिलक्टन्स म्हणतात. बाहेरच्या स्थिर भागाच्या, म्हणजे स्टेटरच्या, दातांवर तांब्याच्या गुंडाळ्या असतात. एका गुंडाळीत वीज सोडली की जवळचा रोटरचा दात तिच्यासमोर येऊ पाहतो, कारण तिथे अडथळा सर्वांत कमी असतो. तो समोर येतो तोच ती गुंडाळी बंद करायची आणि पुढची चालू करायची.

स्टेटरला सहा आणि रोटरला चार दात असलेली मोटर घेऊ. स्टेटरचे दात 60 अंशांवर, रोटरचे 90 अंशांवर. समोरासमोरच्या दोन गुंडाळ्या मिळून एक फेज, असे एकूण तीन फेज. पहिल्या फेजसमोर रोटरचे दोन दात जुळलेले असतील, तर दुसऱ्या फेजपासून सर्वांत जवळचा दात 30 अंश दूर असतो. दुसरा फेज चालू केला की रोटर 30 अंश सरकतो, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. फेज ज्या दिशेने एकामागून एक चालू होतात, त्याच्या उलट दिशेने रोटर फिरतो, हे कागदावर काढून पाहिलं की लगेच पटतं. एका फेरीत असे बारा हिसके बसतात. दोन्हीकडे दातांची संख्या सारखी ठेवली असती, तर सगळे दात एकदमच जुळले असते आणि मोटर तिथेच अडकून बसली असती.

ही कल्पना इंडक्शन मोटरपेक्षाही जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी 1842 मध्ये बॅटरीवर चालणारं एक इंजिन एडिनबरा-ग्लासगो लोहमार्गावर चालवलं. लाकडी दंडगोलावर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या होत्या, शेजारी विद्युतचुंबक होते आणि ते आळीपाळीने चालू-बंद करायला यांत्रिक कम्युटेटर होता. तत्त्व हेच. वेग जेमतेम ताशी 6 किलोमीटर. विजेचे झटके हव्या त्या क्षणी देणारं साधनच तेव्हा नव्हतं, म्हणून ही वाट मागे पडली. तिला खरं पुनरुज्जीवन मिळालं ते ट्रान्झिस्टर आणि मायक्रोप्रोसेसर आल्यावर. 1980 मध्ये लीड्स विद्यापीठातल्या पीटर लॉरेन्सन यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने ही मोटर इतर मोटरींच्या तोडीची ठरू शकते हे दाखवून दिलं, आणि आजच्या संशोधनाचा पाया तिथे पडला.

आता वेळेचा हिशोब पाहू. आपली सहा-चार दातांची मोटर मिनिटाला 6000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर एक फेरी 10 मिलिसेकंदांत होते आणि रोटर एक अंश सरकायला सुमारे 28 मायक्रोसेकंद घेतो. एका फेजला खेचायला मिळणारी संधी फार तर 30 अंशांची, म्हणजे मिलिसेकंदापेक्षाही कमी. गुंडाळीत विजेचा प्रवाह एकदम चढत नाही; इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला गुंडाळीचा होणारा आणि दात जवळ येतील तसा वाढणारा विरोध, त्याला अडवतो. म्हणून दात एकमेकांवर यायला सुरुवात होण्याआधीच, इंडक्टन्स कमीत कमी असताना, स्विच चालू करावा लागतो. बंदही दात पूर्ण जुळण्याआधीच करायला लागतो. जुळून पुढे गेल्यावरही प्रवाह शिल्लक राहिला, तर तीच गुंडाळी रोटरला मागे ओढते. हे मागे ओढणं हवं असेल, तर मुद्दाम तसं करता येतं: चालू-बंद करण्याचे कोन, म्हणजे रोटर कुठे असताना स्विच हलवायचा ते, पुढे सरकवायचे, की तीच मोटर जनित्र होऊन वीज परत देऊ लागते. यंत्रात एक स्क्रूसुद्धा बदलावा लागत नाही. मला या मोटरचं सर्वांत मोठं आकर्षण हेच वाटतं.

लोखंड विद्युतचुंबकाकडे ओढलं जातं ते प्रवाहाची दिशा कोणतीही असली तरी. त्यामुळे प्रत्येक फेजला एकाच दिशेचा प्रवाह पुरतो. त्यासाठीच्या नेहमीच्या मंडलात दर फेजला दोन ट्रान्झिस्टर आणि दोन डायोड असतात, आणि गुंडाळी त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या मध्ये असते. साध्या इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे नेहमीच्या मोटरला वीज पुरवणाऱ्या मंडलात, वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर चुकून एकदम चालू झाले तर थेट शॉर्ट होतो. इथे मध्ये गुंडाळी असल्याने तो धोका नाही. एक फेज बिघडला तरी उरलेले काम चालू ठेवू शकतात. रोटरमध्ये चुंबक नसल्यामुळे, बिघडलेली मोटर बाहेरच्या जोराने फिरत राहिली तरी तिच्यात आपोआप वीज तयार होत नाही. विमानांतल्या यंत्रणांसाठी ही मोटर अभ्यासली जाते त्यामागे हे मोठं कारण आहे.

खरी डोकेदुखी गणिताची आहे. इंडक्शन किंवा चुंबकवाल्या मोटरमध्ये प्रवाह साइन लहरीसारखे असतात. फिरत्या रोटरच्या नजरेतून पाहिलं की ते जवळपास स्थिर आकडे बनतात आणि नियंत्रण सोपं होतं. स्विच्ड रिलक्टन्स मोटरला ही सोय नाही. प्रवाह कमी असेल तर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण प्रवाह वाढला की दातांचं लोखंड चुंबकीय दृष्ट्या भरून जातं, म्हणजे आणखी चुंबकीय प्रवाह सहज घेत नाही, आणि मग इंडक्टन्स रोटरच्या कोनावर आणि प्रवाहावर, दोन्हींवर एकदम अवलंबून राहतो. एका सुटसुटीत सूत्रात ते बसत नाही. गंमत अशी की हे भरून जाणं टाळायचंही नसतं. लोखंड कधीच भरलं नाही, तर गुंडाळीत गेलेल्या ऊर्जेपैकी फार तर निम्मी यांत्रिक कामात बदलते आणि उरलेली दर हिसक्याला पुरवठ्याकडे परत जाते. भरू दिलं तर हे प्रमाण निम्म्याच्या बरंच वर जातं. म्हणून मोटर मुद्दाम त्याच कठीण भागात चालवतात, आणि नियंत्रकाच्या स्मृतीत कोन व प्रवाहानुसार मोजलेल्या आकड्यांचे तक्ते ठेवतात. अलीकडे अशा तक्त्यांच्या जागी न्यूरल नेटवर्क वापरून पाहिली जात आहेत.

यातून दोन तक्रारी उभ्या राहतात, आणि या मोटरच्या विरोधात बोलणारा प्रत्येकजण त्याच दोन सांगतो: टॉर्क एकसारखा नसतो, आणि आवाज होतो.

पहिलीवरचा उपाय म्हणजे दोन फेजमध्ये कामाची वाटणी. समजा 20 न्यूटन-मीटर टॉर्क हवा आहे. एक फेज मावळत असताना तो 14 देईल आणि उगवणारा फेज 6. क्षणभराने 8 आणि 12. बेरीज कायम तीच. ही वाटणी कशी करायची यावर निबंधांचे ढीग आहेत, कारण प्रत्येक वाटणीची किंमत वेगळी पडते: एखादीत तांबं जास्त तापतं, एखादी वेग वाढला की कोलमडते. 2003 मध्ये इंडेर्का आणि डी डॉन्कर यांनी वेगळा मार्ग मांडला. प्रवाहाचा आराखडा आधी ठरवण्याऐवजी प्रत्येक क्षणी टॉर्कचा अंदाज घ्यायचा आणि त्यानुसार थेट स्विच हलवायचे.

आवाजाची गोष्ट जास्त रंजक आहे. स्टेटर आणि रोटरच्या दातांमधली हवेची फट मिलिमीटरच्या अंशाइतकी अरुंद ठेवतात. तिथे रोटरला फिरवणाऱ्या बलापेक्षा दातांना सरळ एकमेकांकडे ओढणारं बल कितीतरी मोठं असतं. समोरासमोरचे दोन दात एकदम आत ओढले जातात, तेव्हा जाड पोलादी स्टेटरसुद्धा किंचित अंडाकृती होतो. गुंडाळी बंद होताच तो झटक्याने परत येतो आणि आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येने थरथरत राहतो. एमआयटीतल्या कॅमेरॉन, लँग आणि उमान्स यांनी 1992 मध्ये आवाजाचं मुख्य मूळ म्हणून याच आकुंचनाकडे बोट दाखवलं. 1995 मध्ये वू आणि पोलॉक यांनी यावर सुरेख तोडगा प्रसिद्ध केला: गुंडाळी एकदम बंद न करता दोन टप्प्यांत करायची, आणि दोन टप्प्यांमध्ये अर्ध्या कंपनाइतकं अंतर ठेवायचं. स्टेटर सेकंदाला 2500 वेळा थरथरत असेल तर हे अंतर 200 मायक्रोसेकंदांचं. दुसऱ्या धक्क्याचं कंपन पहिल्याच्या बरोबर उलट पडतं आणि दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी मिटवतात. धातूला हात न लावता, केवळ वेळ साधून आवाज कमी! अर्थात आराखड्यातही उपाय आहेत. स्टेटरला बारा आणि रोटरला आठ दात ठेवले की एका फेजचे चार दात एकदम ओढतात. चार बाजूंनी दबणारं कडं दोन बाजूंनी दबणाऱ्या कड्यापेक्षा जास्त ताठ राहतं.

इतकं सगळं करायचं कशासाठी, याचं उत्तर चुंबकांत आहे. आजच्या बहुतेक विद्युत वाहनांच्या मोटरींत निओडिमियमचे चुंबक असतात. ते उष्णतेत टिकावेत म्हणून त्यांत डिस्प्रोशियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्यं घालतात. या मूलद्रव्यांच्या शुद्धीकरणावर चीनचं वर्चस्व आहे. 2011 च्या सुमारास त्यांच्या किमती भडकल्या, आणि एप्रिल 2025 मध्ये चीनने डिस्प्रोशियम व टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. 2011 मध्येच जपानमधल्या अकिरा चिबा यांच्या गटाने टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीतल्या 50 किलोवॅटच्या चुंबकवाल्या मोटरशी आकाराने, टॉर्कने आणि कार्यक्षमतेने बरोबरी साधू पाहणारी स्विच्ड रिलक्टन्स मोटर मांडली. त्यासाठी लोखंडात वाया जाणारी ऊर्जा फार कमी ठेवणारे पातळ पत्रे वापरावे लागले, पण चुंबकाशिवाय तिथवर पोचता येतं हे त्या कामाने दाखवलं.

रोटर नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही. शाफ्टवर सेन्सर लावणं हा सरळ मार्ग, पण धूळ आणि उष्णतेत सगळ्यात आधी तोच दगा देतो. सेन्सर टाळायचा असेल तर रिकाम्या बसलेल्या फेजमध्ये अगदी छोटे विजेचे ठोके सोडतात आणि प्रवाह किती भराभर चढतो ते पाहतात. भराभर चढला तर इंडक्टन्स कमी, म्हणजे दात दूर. हळू चढला तर दात जवळ. कमी वेगाला ही युक्ती चांगली चालते. वेग वाढला की रिकामा वेळच उरत नाही, आणि मग चालू फेजच्या व्होल्टेज व प्रवाहावरून चुंबकीय प्रवाह मोजून कोन काढायला लागतो.

अवजड यंत्रांत ही मोटर केव्हाच रुळली आहे. कॅटरपिलरचा 988के एक्सई लोडर आणि डी6 एक्सई बुलडोझर तिच्यावर चालतात. तिथे वीज बनवणाऱ्या डिझेल इंजिनच्या आवाजात मोटरचा आवाज विरून जातो, आणि धक्के सोसणारा ठोकळेबाज रोटर हा मोठाच गुण ठरतो. प्रवासी कारमध्ये मात्र केबिन शांत असते, आणि बाजारात तयार मिळणारी इन्व्हर्टर मॉड्यूल सहा ट्रान्झिस्टरांच्या नेहमीच्या जोडणीची असतात, या मोटरला लागणाऱ्या मंडलाची नव्हेत. म्हणूनच सध्याचं जे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं, त्यात दातांची रुंदी, पत्र्याची जात, स्टेटरचा ताठपणा आणि स्विच करण्याचे कोन संगणकावर एकाच वेळी ठरवले जातात. आधी मोटर बनवून मग तिला नियंत्रक शोधत बसलं, तर आवाजाचा निम्मा प्रश्न पत्रे कापतानाच पक्का होऊन गेलेला असतो.