फाइल कोणाची? अमेरिकेतल्या ‘फर्पा’ कायद्याची पन्नास वर्षे

मुलगी एमएससाठी अमेरिकेला गेलेली असते. पहिले सेमिस्टर संपते, निकालाचा विषय निघाला की ती तुटक बोलते, आणि पुण्या-नाशिकचे आईवडील काळजीने थेट विद्यापीठालाच ईमेल करतात. उत्तर ठरलेले असते : विद्यार्थिनीची लेखी संमती नसेल तर तिच्या गुणांबद्दल काही सांगता येणार नाही. शैक्षणिक कर्ज वडिलांच्या नावावर असले तरी उत्तर बदलत नाही. यामागे १९७४ सालचा कायदा आहे. नाव लांबलचक आहे, फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्ट. अमेरिकेत सगळे त्याला ‘फर्पा’ म्हणतात.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यामुळे हा कायदा आता आपल्याकडच्याही हजारो घरांत येऊन पोचला आहे. पण तो मुळात आईवडिलांसाठी झाला आणि बंद फाइल उघडून दाखवणे हे त्याचे पहिले काम होते, हे मात्र विसरले गेले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत अमेरिकी शाळांमध्ये प्रत्येक मुलाची एक फाइल बालवर्गापासून त्याच्या मागे मागे फिरत असे. तिच्यात गुण आणि हजेरी तर असायचीच. शिवाय बुद्ध्यांक चाचणीचे आकडे, मानसोपचार सल्लागाराची निरीक्षणे, घरातल्या परिस्थितीची टिपणे आणि शिक्षकांचे शेरेही असत. घातक होते ते हे शेरेच. मूल फार आत्ममग्न आहे, मुलींमध्ये जरा जास्तच रस घेते, त्याचे राजकीय विचार विचित्र आहेत, अशी वाक्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या नावापुढे पडलेली होती. कोणत्या तरी वर्षी वैतागलेल्या शिक्षकाने लिहिलेली ओळ पुढच्या शिक्षकाला मूल वर्गात येण्याआधीच वाचायला मिळे. पोलीस, गुप्तचर खाते किंवा नोकरी देणारा मालक यांना अनेक ठिकाणी ही फाइल नुसती मागितली की बघायला मिळायची. आईवडिलांना मात्र नाही. त्यांना समजणार नाही, ते चिडतील, आणि मग शिक्षक मोकळेपणाने लिहिणार नाहीत, अशी शाळांची कारणे होती.

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर एका वडिलांना शाळेने सांगितले की तुमच्या मुलाला मानसोपचारांची गरज आहे. कशावरून, असे त्यांनी विचारले आणि नोंदी बघायला मागितल्या. शाळेने नकार दिला. ते न्यायालयात गेले आणि १९६१मध्ये जिंकले. स्वतःच्या मुलाबद्दल सार्वजनिक शाळेने काय लिहून ठेवले आहे, ते पाहण्यात पालकाचा हितसंबंध आहे, असे न्यायालयाने मानले. पण निकाल एका राज्यापुरता होता. पुढे १९६९मध्ये रसेल सेज फाउंडेशन या संस्थेने जाणकारांची परिषद भरवली आणि १९७०मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली : नोंदी कोणत्या ठेवाव्यात, किती काळ ठेवाव्यात, कोणाला दाखवाव्यात. पाळण्याची सक्ती नसल्यामुळे त्यांचा परिणाम मर्यादितच राहिला.

कायदा झाला तो वॉटरगेटच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणाच्या वर्षी. सरकार नागरिकांच्या पाठीमागे काय काय लिहून ठेवते, या प्रश्नाने तेव्हा अमेरिकेत डोके वर काढले होते. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी शिक्षणविषयक मोठ्या विधेयकाला सभागृहातच एक दुरुस्ती सुचवली. बकली उजव्या विचारांचे, काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. मुलावर पहिला हक्क कुटुंबाचा, शाळेचा नाही, ही त्यांची पक्की धारणा. दुरुस्तीवर समितीत सुनावणी झाली नाही, शिक्षणसंस्थांना बोलावून त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. निक्सन राजीनामा देऊन गेले त्याला जेमतेम दोन आठवडे होत होते, तेव्हा २१ ऑगस्ट १९७४ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी विधेयकावर सही केली. अंमल १९ नोव्हेंबरपासून होणार होता.

कायद्याचे मुद्दे मोजकेच होते. फाइल बघायला मागितली तर संस्थेने ४५ दिवसांच्या आत दाखवायची. त्यात चूक असेल तर दुरुस्ती मागायची, न झाल्यास सुनावणी मागायची, आणि तरीही संस्था हटली नाही तर आपले म्हणणे फाइलला जोडायचे. बाहेरच्या कोणाला संमतीशिवाय काही द्यायचे नाही; याला ठरावीक अपवाद होते. न पाळणाऱ्या संस्थेचा केंद्राचा निधी बंद. आणि विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा उच्च शिक्षणसंस्थेत दाखल झाला की हे सगळे हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जायचे.

या शेवटच्या ओळीने महाविद्यालयांत खळबळ उडाली. शाळकरी मुलांचा म्हणून आलेला कायदा विद्यापीठांना लागू होणार हे त्यांच्या उशिरा लक्षात आले. काळजी होती ती मुख्यतः शिफारसपत्रांची. प्राध्यापकांनी गोपनीय म्हणून लिहिलेली जुनी पत्रे विद्यार्थी आता मागतील, या धास्तीने हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी वॉशिंग्टनमध्ये धावाधाव सुरू केली. बकली यांनी ऱ्होड आयलंडचे डेमोक्रॅट सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्याबरोबर बसून डागडुजी केली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दुरुस्त कायदा आला. १ जानेवारी १९७५च्या आधीची गोपनीय शिफारसपत्रे वगळली गेली. आईवडिलांच्या उत्पन्नाची कागदपत्रे विद्यार्थ्याला न दाखवण्याची मुभा मिळाली. पुढची शिफारसपत्रे पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याने आपणहून सोडायचा असेल तर तशी सोय झाली.

आज अमेरिकेत अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ती सोय भेटते. अर्जात शिफारसकर्त्याचे नाव भरताना एक चौकट येते : हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडतो. समुपदेशक सांगतात, टिक कर आणि पुढे जा. नाहीतर पत्राला वजन राहणार नाही. मुले टिक करतात. आपण काय सोडून दिले याचा त्यांना बहुधा पत्ताही नसतो. कायद्याने संस्थेला तशी सक्ती करायला मनाई आहे; पण सगळेच टिक करतात तिथे न करणारा उठून दिसतो, आणि ही सक्तीच झाली असे मला वाटते.

आईवडिलांचा प्रश्नही याच कायद्यात आहे. मूल अमेरिकी प्राप्तिकरासाठी आपल्यावर अवलंबून असल्याचे दाखवणाऱ्या पालकांना विद्यापीठ संमतीशिवायही नोंदी दाखवू शकते. दाखवल्याच पाहिजेत असे नाही. भारतात कर भरणाऱ्या आईवडिलांना हा रस्ता मुळातच बंद. त्यांच्यापुढे एकच उपाय उरतो, मुलाने विद्यापीठाच्या संमतीपत्रावर सही करणे. मला यात अन्याय दिसत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने आपले गुण आपण सांगावेत, हे योग्यच आहे.

खरी तक्रार वेगळी आहे. हा कायदा विद्यापीठांनी पुढच्या काळात स्वतःची ढाल म्हणून वापरला.

५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर तिच्या वसतिगृहाच्या खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. खुनी तिथलाच विद्यार्थी होता आणि आपोआप बंद होणारी दारे अडकवून उघडी ठेवलेली असल्याने तो आत येऊ शकला. त्याआधीच्या तीन वर्षांत त्या कॅम्पसवर ३८ हिंसक गुन्हे घडले होते, हे तिच्या आईवडिलांना नंतर समजले. आधी सांगणारे कोणीच नव्हते. त्यांच्या लढ्यातून १९९०मध्ये कॅम्पसवरचे गुन्हे जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा झाला. आज तो क्लेरीच्या नावाने ओळखला जातो.

याच सुमारास साउथवेस्ट मिझुरी स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राच्या संपादिकेने कॅम्पस पोलिसांकडचे गुन्ह्यांचे अहवाल मागितले. विद्यापीठाचे उत्तर : या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी आहेत, फर्पा आड येतो. ती न्यायालयात गेली. १९९१मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. गुन्ह्याचा अहवाल म्हणजे शैक्षणिक नोंद नव्हे, असे न्यायाधीशांनी बजावले. १९९२मध्ये संसदेनेही कायदा बदलून कॅम्पस पोलिसांच्या नोंदी बाहेर काढल्या. पण विद्यापीठांच्या अंतर्गत शिस्तभंग समित्यांचे कामकाज आतच राहिले. हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याबाबतचा अंतिम निर्णय जाहीर करण्याची परवानगी १९९८मध्ये मिळाली. परवानगी मिळाली, बंधन घातले गेले नाही.

विद्यार्थ्याच्या हातात मुळात किती बळ आहे, याचे उत्तर २००२ साली मिळाले आणि ते निराशाजनक होते. वॉशिंग्टन राज्यात स्पोकॅन इथल्या गोंझागा विद्यापीठात एक मुलगा शिक्षकी पेशासाठी शिकत होता. त्या राज्यात शिक्षक व्हायचे तर विद्यापीठाकडून चांगल्या वर्तणुकीचे प्रतिज्ञापत्र लागे. ते काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कानावर दोन विद्यार्थिनींचे बोलणे पडले. त्यात या मुलाने एका सहाध्यायिनीशी गैरवर्तन केल्याचा उल्लेख होता. विद्यापीठाने चौकशी सुरू केली आणि त्याचे नाव घेऊन राज्याच्या शिक्षक प्रमाणपत्र खात्याला कळवले. मुलाला यातले काहीच माहीत नव्हते. प्रतिज्ञापत्र मिळणार नाही, हे सांगायला बोलावले तेव्हाच त्याला सगळे समजले. ज्युरीने त्याला दहा लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली, त्यातले ४,५०,००० डॉलर फर्पाच्या भंगासाठी. सर्वोच्च न्यायालयाने हा फर्पाचा भाग सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. कारण असे, की हा कायदा निधी देणाऱ्या सरकारला संस्थेवर अंकुश देतो, विद्यार्थ्याला खटला भरण्याचा हक्क देत नाही. त्याने शिक्षण खात्याकडे तक्रार करावी. आणि खात्याने फर्पाच्या भंगासाठी आजवर एकाही संस्थेचा निधी प्रत्यक्षात बंद केलेला नाही.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्याच्या मानसिक अवस्थेची काळजी प्राध्यापक, समुपदेशक आणि पोलीस या साऱ्यांनाच वेगवेगळी वाटत होती. पण एकाकडची माहिती दुसऱ्याकडे गेली नाही. गोपनीयतेचे कायदे आहेत त्याहून कडक आहेत, असा लोकांचा समज होता, असे चौकशीत दिसले. २००८च्या नव्या नियमांत स्पष्ट करावे लागले की जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर संस्था पालकांना आणि इतरांना माहिती देऊ शकते. मूळ कायद्यात ही वाट पहिल्यापासून होती. भीतीपोटी कोणी तिकडे फिरकत नव्हते.

कायद्याची विसरलेली बाजू शेवटी विद्यार्थ्यांनीच शोधून काढली. जानेवारी २०१५मध्ये स्टॅनफर्डच्या एका निनावी विद्यार्थी-वार्तापत्राने सगळ्यांना पत्राचा मसुदा दिला : स्वतःची प्रवेशाची फाइल फर्पाखाली मागा, ४५ दिवसांत दाखवावी लागेल. शेकडो मुलांनी मागितली. आपला निबंध वाचून कोणी किती गुण दिले, शेऱ्यात काय लिहिले, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. विद्यापीठांची प्रतिक्रिया बोलकी होती. येल लॉ स्कूलने अशी मूल्यमापने जपून ठेवणेच थांबवले, स्टॅनफर्डनेही तोच मार्ग धरला. ठेवलेली नोंद दाखवावी लागते. कोणी मागण्याआधीच नष्ट केलेली नोंद दाखवावी लागत नाही, आणि कायदा यावर काही बोलत नाही.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी या सगळ्याला आणखी एक पदर आहे. १९९३मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट घडवणाऱ्यांपैकी एक जण स्टुडंट व्हिसावर आलेला होता. त्यानंतर १९९६च्या इमिग्रेशन कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती गोळा करण्याची तरतूद केली, आणि तिच्या आड फर्पा येणार नाही असे त्यातच लिहिले. ११ सप्टेंबर २००१नंतर तिला वेग आला आणि ‘सेव्हिस’ ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली. पत्ता बदलला, विषय कमी घेतले, अभ्यासक्रम सोडला, की ते विद्यापीठाने सरकारला कळवायचे. विद्यार्थ्याची संमती लागत नाही.

२०२५च्या वसंतात ही व्यवस्था किती टोकाला जाऊ शकते ते दिसले. हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी सरकारने अचानक बंद केल्या. त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. अनेकांना कारणच कळले नाही. काहींच्या बाबतीत कधीतरी झालेला आणि निकाली निघालेला वाहतुकीचा गुन्हा पुढे आला. न्यायालयांत दाव्यांची रांग लागल्यावर एप्रिलअखेर सरकारने नोंदी पुन्हा सुरू केल्या. त्याच महिन्यात गृहसुरक्षा खात्याने हार्वर्डकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या शिस्तभंगाच्या आणि आंदोलनांतल्या सहभागाच्या नोंदी मागितल्या. हार्वर्डने दिलेली माहिती पुरेशी नाही असे सांगत खात्याने २२ मे रोजी परदेशी विद्यार्थी घेण्याची त्यांची मान्यताच काढली. दुसऱ्याच दिवशी बॉस्टनमधल्या संघीय न्यायाधीशांनी त्या आदेशाला स्थगिती दिली.

नागपूरहून किंवा कोल्हापूरहून गेलेल्या विद्यार्थ्याच्या आज अशा दोन फायली असतात. विद्यापीठातली फाइल तो एका अर्जावर मागू शकतो, तिच्यातली चूक दाखवू शकतो, आपले म्हणणे तिला जोडू शकतो. सेव्हिसमधली नोंद सरकारची आहे. ती बंद होते तेव्हा त्याला आधी सूचना मिळेलच असे नाही, आणि विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी विभागालाही २०२५मध्ये अनेकदा ते स्वतः संगणकावर तपासले तेव्हाच समजले.