अरबी टायपिंग: राइट अलाइन आणि राइट-टू-लेफ्ट एक नाहीये

कॉम्प्युटरवर अरबी कीबोर्ड टाकणं अवघड नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत अरबी ॲड करा, मग विंडोज की आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड बदलता येतो, झालं. खरा घोळ पुढे होतो, कारण अरबी उजवीकडून लिहितात म्हणून बरेच जण पॅराग्राफला राइट अलाइन करतात आणि काम झालं असं धरून चालतात. तसं नाहीये.

राइट अलाइन म्हणजे ओळ पानाच्या उजव्या कडेला नेऊन टेकवणं, बस. वर्डमध्ये कंट्रोल आर दाबलं की मराठी मजकूरही तसाच सरकतो. राइट-टू-लेफ्ट ही पॅराग्राफची दिशा आहे, म्हणजे ओळ कुठून सुरू होणार आणि तिच्यातले तुकडे कोणत्या क्रमाने लागणार हे तिच्यावर ठरतं.

आता गंमत अशी की नुसतं अरबी टाईप केलं तर दोन्हीकडे सारखंच दिसतं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामाईक कोडमध्ये, प्रत्येक अरबी अक्षराला स्वतःची दिशा दिलेलीच असते, त्यामुळे पॅराग्राफ डावीकडून सुरू होणारा असला तरी अक्षरं आपोआप उजवीकडून डावीकडे लागतात, एकमेकांना जोडलीही जातात, आणि म्हणूनच चूक पटकन लक्षात येत नाही. पण पूर्णविराम, उद्गारचिन्ह, कंस यांना स्वतःची पक्की दिशा नसते. वाक्याच्या शेवटी टिंब दिलं की ते पॅराग्राफची दिशा बघतं. नुसतं राइट अलाइन केलेलं असेल तर ते टिंब उजव्या टोकाला, म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या शब्दाच्याही आधी जाऊन बसतं! दिशा बरोबर असेल तर डाव्या टोकाला, जिथे वाक्य संपतं तिथेच येतं.

त्याहून वाईट म्हणजे मिश्र वाक्य. आधी थोडं अरबी, मध्ये इंग्रजी लिपीतलं एखादं नाव, नंतर परत अरबी असं लिहिलं आणि दिशा चुकीची असली तर दुसरा अरबी तुकडा उजवीकडे जातो, मग अरबी वाचणारा माणूस सुरुवातच उत्तरार्धापासून करतो. टिंबाचं एक वेळ चालून जाईल, पण इथे अर्थच बिघडतो. पत्र, अर्ज, करार असं काही पाठवणार असाल तर प्लीज हे बघूनच पाठवा.

दिशा बदलायला विंडोजमध्ये अरबी कीबोर्ड ॲड केलेला असला की उजव्या बाजूचे कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबायचे, परत यायला डाव्या बाजूचे. नोटपॅड, वर्ड दोन्हीकडे चालतं. वर्डमध्ये पॅराग्राफच्या गटात त्याचं वेगळं बटणही असतं. एक्सेलमध्ये तर पूर्ण शीटच फिरवता येते, मग ए कॉलम उजवीकडे येतो, आणि हे सेल राइट अलाइन करून कधीच होणार नाही. वेबपेज बनवणाऱ्यांनीही टेक्स्ट-अलाइनवर न थांबता एचटीएमएलमधल्या डीआयआर (दिशा सांगणाऱ्या) ॲट्रिब्यूटला आरटीएल, म्हणजे राइट-टू-लेफ्ट, द्यावं.

कुणी आधीच राइट अलाइन करून दिलेली फाइल हातात आली तर सगळं सिलेक्ट करून आधी दिशा बदला, मजकूर डावीकडे गेला तर अलाइनमेंट त्यानंतर नीट करा, आणि मग कुठल्याही वाक्याचं टिंब कुठे गेलंय ते बघा.