झडीत खोलीतली हवा किती पाणी पिते?

झड लागून तिसरा दिवस उजाडला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत चालायला वाट उरत नाही. खिडकीच्या गजापासून कपाटावरच्या खिळ्यापर्यंत दोरी. तिच्यावर धाकटीचा शाळेचा गणवेश, बाबांचे बनियन, टॉवेल, आणि टोकाला ती जीन्स, जिचा कमरेचा पट्टा कधी वाळतच नाही. आई येता-जाता एकेक कपडा गालाला लावून बघते. "अजून गार लागतंय," म्हणते आणि उलटा करून पुन्हा टाकते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हीच आई गच्चीवर शेवटचा कपडा टाकेपर्यंत पहिला काढायला घेते.

ऊन नाही म्हणून वाळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पण नवतप्यात सावलीतला कपडाही बघता बघता वाळतो. तेव्हा उन्हाइतकंच हवेकडेही बघायला हवं, आणि तिचा हिशेब घरबसल्या मांडता येतो.

10 बाय 12 ची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 34 घनमीटर हवा असते. तापमान 28 अंश असेल तर एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 27 ग्रॅम वाफ मावते. झडीत आर्द्रता 85 टक्के धरली, तर त्यातले 23 ग्रॅम आधीच भरलेले असतात. जागा उरली 4 ग्रॅमची. अख्ख्या खोलीची मिळून जेमतेम 140 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक मोठा कप.

आता तीच खोली मे महिन्यात बघा. तापमान 43 अंश, आर्द्रता 15 टक्के. एका घनमीटरमध्ये 59 ग्रॅम वाफ मावू शकते आणि भरलेले असतात फक्त 9. खोलीभर हवेची तहान 1.7 लिटरची झाली! भिंती त्याच, दोरी तीच, आणि फरक बारा पटींचा.

चार किलो कपडे मशीनमध्ये पिळून काढले तरी त्यांत साधारण दोन लिटर पाणी उरतं. हाताने पिळलेल्यांत बरंच जास्त. झडीत हे दोन लिटर बाहेर काढायचे तर खोलीतली सगळी हवा निदान चौदा वेळा बदलायला हवी. आणि आपण काय करतो? पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावतो आणि पंखा पाचवर ठेवतो. पंख्याचा उपयोग नाही असं नाही. ओल्या कापडाला दमट हवेचा एक पातळ थर चिकटून असतो, तो वारा उडवून लावतो. पण खोलीची हवा एकदा भरली की पंखा तीच ओली हवा गोल गोल फिरवत राहतो. ते पाणी मग भिंतीत जातं, गादीत जातं, कपाटामागे बुरशी होऊन बसतं. ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथे तर बंद खोलीत कपडे वाळवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आईच्या गालाची परीक्षा मात्र अगदी शास्त्रशुद्ध आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती कपड्यातूनच घेतली जाते, म्हणून ओला कपडा हवेपेक्षा गार असतो. मे महिन्यातल्या त्या हवेत ओल्या कपड्याचं तापमान 23 अंशांच्या आसपास उतरतं, भोवतालापेक्षा तब्बल वीस अंश खाली. आपला कूलर याच गोष्टीवर चालतो. कूलरचं ओलं गवत आणि दोरीवरचा ओला टॉवेल एकच काम करत असतात. झडीत हा फरक फक्त दोन अंशांचा राहतो. म्हणून पावसाळ्यात कूलर गार करत नाही आणि त्याच कारणाने टॉवेल वाळत नाही. गालही तेव्हा फसतो, कारण सुती कापड वाळल्यावरही हवेतलं पाणी धरून ठेवतं. साधारण 65 टक्के आर्द्रतेत ते स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के असतं, झडीत आणखी वाढतं. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसतं. गणवेशाची टेरिकॉटची, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाची पॅन्ट आधी वाळते आणि सुती बनियन मागे राहतो तो यामुळे.

उन्हाळा संपला की कूलर झाकून ठेवतात. आमच्या घरी तो झडीतही चालतो, पण पंप बंद, टाकी पुसून कोरडी, गवताच्या जाळ्या काढलेल्या. खिडकीतून बाहेरची हवा आत ढकलणारा एवढा मोठा पंखा घरात दुसरा नाही. समोरचं दार किंवा स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर हवा जाणार कुठे? बाहेरची हवाही दमटच असते, पण माणसांनी आणि शेगडीने घर थोडं उबदार असतं. आत आल्यावर ती जराशी तापते आणि तेवढी तिची तहान वाढते. लोखंडी कूलरवर ओले कपडे वाळत टाकू नका, शॉक बसू शकतो. टाकीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते. तेच पाणी मशीनच्या ड्रायरमध्ये गरगर फिरवून थेंबाच्या रूपात बाहेर टाकायला त्याच्या कितीतरी कमी वीज पुरते. म्हणून झडीत ड्रायर दोनदा फिरवा. मशीन नसेल तर पिळलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा पिळा. आणि रविवारसाठी ढीग साठवू नका. दोन खोल्यांच्या घरात रोज चार कपडे वाळतात, एकदम तीस वाळत नाहीत.

उशिरा वाळलेल्या कपड्याला जो कुबट वास येतो, त्यामागे जिवाणू असतात. 2012 साली जपानी संशोधकांनी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा त्यातला मुख्य जिवाणू असल्याचं दाखवलं. कापडात राहिलेला घाम आणि तेलकटपणा खाऊन तो वासाचं आम्ल तयार करतो. कोरडेपणा तो बऱ्यापैकी सोसतो, म्हणून धुतलेला, वाळलेला टॉवेल अंग पुसताच पुन्हा वास मारतो. अशा टॉवेलवर सुगंधी द्रव ओतून काही होत नाही. 60 अंशांच्या गरम पाण्यात तो अर्धा तास भिजवायचा, मग धुवायचा.

सकाळी सहाला गणवेशाच्या शिवणी अजून दमटच असतात. आई चादर अंथरून इस्त्री फिरवते आणि कॉलरमधून वाफ उठते. ती त्याच दोन लिटरांतली शेवटची, म्हणून इस्त्रीच्या वेळीही आम्ही खिडकी उघडी ठेवतो. जीन्स मात्र खिसे बाहेर काढून, उलटी करून, कूलरसमोरच लटकलेली असते.