मे महिन्यातली पाहणी, ऑगस्टमधला पूर

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल कोसळला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि एक तवेरा पुरात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. बुडालेल्या गाड्या शोधायला क्रेनला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडावा लागला. पूल 1928 सालचा, कमानींचा. 2016 च्याच मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता.

अशा वेळी आपण लगेच पाहणी करणाऱ्यावर बोट ठेवतो. पण पुरता प्रामाणिक अभियंतासुद्धा मे महिन्यात फसू शकतो, आणि त्याचं कारण नदीच्या तळाशी असतं.

वाहतं पाणी खांबावर आदळलं की त्यातलं काही खाली वळतं, तळाशी त्याचा भोवरा होतो आणि खांबाला वेढा घालत तो पायाभोवतीची वाळू उपसत राहतो. समुद्रात घोटाभर पाण्यात उभं राहिलं की परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते, तसंच. अभियंते याला स्कावर म्हणतात. खड्डा सर्वांत खोल होतो तो पुराच्या ऐन जोरात. मग पूर ओसरू लागतो, पाण्याचा वेग मंदावतो आणि नदी स्वतःच आणलेल्या गाळाने तो खड्डा बुजवून टाकते. उन्हाळ्यात पात्रात उतरलेल्या माणसाला सपाट तळ दिसतो. बुजलेला गाळ भुसभुशीत असतो, पुढच्या पुरात तो आधी निघून जातो. वरच्या दगडांमधले सांधे कितीही बारकाईने तपासले तरी यातलं काहीच कळत नाही.

त्यात कमानींचा स्वभाव वेगळा. कमान भार नुसता खाली देत नाही, बाजूलाही रेटते. शेजारशेजारच्या दोन कमानींचे रेटे मधल्या खांबावर एकमेकांना तोलून धरतात. एक कमान गेली की हा तोल सुटतो आणि लगतची कमानही जाऊ शकते. त्यामुळे असा पूल पिढ्यान्‌पिढ्या खणखणीत उभा राहतो आणि पडतो तेव्हा इशारा द्यायला फारसा वेळ देत नाही.

'इतकी वर्षं टिकला, म्हणजे मजबूत आहे' हा युक्तिवादही तपासून पाहू. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का. 1928 ते 2016 या 88 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता मात्र सुमारे 59 टक्के होते. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथे पाऊस किती पडतो ते वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी क्रीकवरचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी असाच पुरात गेला, 10 जण मेले. खांबांच्या पायाच्या रक्षणासाठी टाकलेले दगड आधीच वाहून गेले होते. त्यानंतर अमेरिकेत पुलांची स्कावरच्या दृष्टीने वेगळी छाननी सुरू झाली. धोक्याच्या पुलांसाठी पूर आल्यावर काय करायचं, पूल बंद कधी करायचा, हे आधीच लिहून ठेवायची पद्धत आली.

आपल्याकडे याची उत्तम उदाहरणं कोकण रेल्वेवर आहेत. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, जोराच्या पावसात नीट दिसत नसेल तर ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वारा मोजणारं यंत्र. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवरच्या रेल्वे पुलांवर तर पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं की अधिकाऱ्यांना इशारा देणारी यंत्रणाच आहे. मला यातली खरी गंमत यंत्रात वाटत नाही. आकडा आधी ठरलेला असल्याने भर रात्री कुणाला अंदाज बांधत बसावं लागत नाही, यात ती आहे.

रस्त्यावर हे अवघड जातं. दहादा पूल बंद करावा आणि दहाही वेळा तो सुखरूप उभा राहावा, मग खोळंबलेल्या लोकांच्या शिव्या कोण खाणार? म्हणून जोखीम मोजताना पूल पडण्याची शक्यता आणि पडल्यास होणारी हानी यांच्यासोबत तो बंद ठेवण्याची किंमतही मांडावी लागते. महाडला ती किंमत फार नव्हती. जुन्याला लागूनच नवा पूल होता आणि दुर्घटनेनंतर वाहतूक त्याच्यावरूनच चालली.