सी हॉक (भारतीय नौदलातील सेवा)

सी हॉक हे एक आसनी, एका इंजिनाचे ब्रिटिश बनावटीचे लढाऊ विमान. भारतीय नौदलाचे हे पहिले जेट लढाऊ विमान. १९६० ते १९८३ या काळात ते नौदलाच्या सेवेत होते. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून आणि पुढे कोकण किनाऱ्यावरील दाबोळीच्या (गोवा) धावपट्टीवरून ते उडे. पहिली विमाने ब्रिटनकडून आली, पुढे पश्चिम जर्मन नौदलाने वापरलेलीही घेतली गेली. जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉकचे पथक क्र. ३०० उभे राहिले. ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ते ओळखले जाते.

रोल्स-रॉइस नीन इंजिनाची झोत-नळी (तप्त वायू मागे सोडणारी नळी) दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढलेली होती. त्यामुळे मागच्या धडात इंधनाची टाकी बसवता आली, आणि लहानशा विमानाला बऱ्यापैकी पल्ला मिळाला. नाकाच्या खालच्या बाजूस २० मि.मी.च्या चार तोफा. पंखांखाली बॉम्ब किंवा रॉकेटे. सुमारे १२ मीटरचा पंखविस्तार पंख मिटल्यावर ४ मीटरच्या आसपास येई, म्हणूनच नौकेच्या लिफ्टमधून ते खालच्या हँगरमध्ये नेता येत असे. वेग ध्वनीहून कमीच.

डिसेंबर १९६१ मध्ये ‘विक्रांत’ गोव्यासमोर गस्तीला होती, पण तिच्या विमानांना हल्ला करावा लागला नाही. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाने. तीच धावपट्टी नौदलाच्या ताब्यात आली आणि पुढे ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ तेथे आला. १९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ मुंबईला गोदीत दुरुस्तीसाठी होती.

खरी कसोटी १९७१ च्या भारत-पाक युद्धाची, आणि तीही विमानापेक्षा नौकेची अधिक. डेकवरून उडताना विमानाच्या पोटाखालच्या हुकांना पोलादी दोर अडकवून ते कॅटपल्टच्या (विमान वाफेच्या जोरावर पुढे फेकणाऱ्या यंत्रणेच्या) सरकत्या खिळीला जोडतात. वाफेचा दाब मिळताच खिळी विमानाला पुढे फेकते. मात्र एवढा धक्का पुरत नाही. समोरून वाराही हवा, आणि तो मिळतो नौका वाऱ्याच्या तोंडावर वेगाने हाकल्यावर. ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता, वेग घटला म्हणजे डेकवरचा वारा घटला. अशा वेळी वारा पडला, तर बॉम्ब किंवा इंधन कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. उतरतानाही वारा कमी म्हणजे अटक-तारांवर (विमानाला पकडून थांबवणाऱ्या डेकवरील तारांवर) जादा वेगाने आदळणारे विमान. ‘विक्रांत’ला युद्धात उतरवावे की नाही यावर वाद झाला तो यामुळेच. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या अधिपत्याखाली ती बंगालच्या उपसागरात गेली.

४ डिसेंबरला आठ सी हॉकनी पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) कॉक्स बझारवर पहिला हल्ला केला. त्याच दिवशी चितगाव बंदरही लक्ष्य झाले. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला येथील जहाजे व धक्के फोडून समुद्रमार्गे सुटकेची वाट बंद करण्यात आली. एकही सी हॉक शत्रूच्या माऱ्यात गमावले नाही. याचे श्रेय वैमानिकांना आहेच, पण ढाक्याची धावपट्टी भारतीय हवाई दलाने युद्धाच्या पहिल्या काही दिवसांतच निकामी केल्याने त्यानंतर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमाने आकाशात येऊ शकली नाहीत, हेही विसरता कामा नये. १९५० च्या दशकातले सी हॉक सेबरसमोर आकाशात अवघड परिस्थितीत सापडले असते.

त्यानंतरची वर्षे झिजेची. कोकणची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस अॅल्युमिनियमच्या विमानाला मानवत नाही. मीठ आधी साचते ते पंख मिटण्याच्या बिजागऱ्यांत, पत्र्यांच्या जोडांत आणि चाकांच्या खोबणींत. तेथे ओल धरली की रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि रिव्हेटांभोवती पत्रा फुगतो. गोड्या पाण्याने धुणे, पूर्ण कोरडे करणे आणि ग्रीस भरणे यात एकदा हयगय झाली की पुढे पत्राच बदलावा लागतो. त्यात सुटे भाग मिळेनासे झाले, कारण उत्पादन कधीच थांबले होते. मग एका विमानाचे भाग काढून दुसरे उडते ठेवायचे, आणि ताफा आकसत जायचा.

१९८३ मध्ये सी हॉक निवृत्त झाले. त्याच डिसेंबरात कॅटपल्टची गरज नसलेली पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली आणि पथक क्र. ३०० कडे गेली. बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात एक सी हॉक जतन केलेले आहे.