श्वासातला ऑक्सिजन जातो कुठे?

आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. म्हणजे आत घेतलेला ऑक्सिजनच अन्नातल्या कार्बनला चिकटून बाहेर पडत असणार, असं बहुतेकांना वाटतं. ग्लुकोज अधिक ऑक्सिजन बरोबर कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, या शाळेतल्या समीकरणावरून दुसरं काही वाटायची सोयही नाही. प्रत्यक्षात या दोघांची पेशीत गाठच पडत नाही. श्वासातल्या ऑक्सिजनचं होतं पाणी.

भाकरीतल्या स्टार्चपासून बनलेलं ग्लुकोज रक्तातून पेशीत पोचतं. तिथे पेशीद्रवात, ऑक्सिजनच्या मदतीशिवायच, त्याचे दोन तुकडे होतात. पेशीला थेट वापरता येणारी ऊर्जा एटीपीच्या रेणूंत असते. या टप्प्यावर असे निव्वळ 2 रेणू हाती लागतात. तांबड्या रक्तपेशी एवढ्यावरच भागवतात. अख्ख्या शरीराला ऑक्सिजन पोचवायचा आणि स्वतः मात्र तो वापरायचा नाही, कारण त्यांच्यात तंतुकणिकाच (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे छोटे भाग) नसतात!

इतर पेशींत हे तुकडे तंतुकणिकेत शिरतात. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी 1937 साली मांडलेलं, या तुकड्यांची टप्प्याटप्प्याने मोडतोड करणारं चक्र इथेच चालतं. कार्बन डायऑक्साइड सुटतो तोही इथेच, आणि त्यातला ऑक्सिजन असतो अन्नातला व पेशीतल्या पाण्यातला.

खरी कमाई मात्र अन्नातून काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनची. तंतुकणिकेच्या आतल्या पटलातली प्रथिनं ते एकमेकांकडे सोपवत जातात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलतात. धरणात पाणी साठावं तसे तिथे प्रोटॉन साठतात आणि परत येताना एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून वाट काढतात. त्या ओघाच्या जोरावर हे प्रथिन एटीपी बनवतं. जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा ती सहजासहजी कुणाला पटली नाही. 1978 मध्ये तिलाच नोबेल मिळालं.

एटीपी सिंथेज खरोखर गरगर फिरतं. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या फिरत्या भागाला प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली चक्क डोळ्यांनी पाहिला. एका फेऱ्यात 3 एटीपी बनतात. सगळं धरून एका ग्लुकोजमागे साधारण 30 ते 32. पुस्तकांतला 38 चा आकडा आता जुना झाला.

मग ऑक्सिजनचं काम काय? इलेक्ट्रॉन सोपवत नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीच्या टोकाला उभं राहून, ऊर्जा देऊन झालेले इलेक्ट्रॉन घेणं. तेच इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन घेऊन त्याचं पाणी बनतं. तो नसेल तर इलेक्ट्रॉन मागे तुंबतात आणि सगळी साखळी अडते. सायनाइड नेमकी हीच शेवटची पायरी बंद पाडतं. अशा वेळी रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही.